सिम्युलेशन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू कसे निवडावेत

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्याला अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत, सुरुवातीला उलटाच वाटतो. इथे बोली नाही की हातोडा नाही. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला तो सर्वात आधी निवडतो आणि विजेता सर्वात शेवटी. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ, सात फेऱ्या आणि कॉलेजमधून आलेली पोरं, असा सगळा मामला. ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणाऱ्या ‘फुटबॉल जीएम’मध्ये किंवा मॅडन या व्हिडिओ गेमच्या फ्रँचाइज मोडमध्ये हीच रचना उचललेली आहे. तुम्ही जनरल मॅनेजर, संघ बांधणं तुमचं काम.

बरीच वर्षं असे संघ चालवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. कोण चमकणार हे आधी नेमकं ओळखणं कोणालाच जमत नाही, खऱ्या एनएफएलमधल्या पगारी तज्ज्ञांनाही नाही. टॉम ब्रेडी २००० साली १९९वा निवडला गेला. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२वा, म्हणजे त्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा. पुढे दोघेही चमकले. म्हणून आपली सगळी आखणी ‘आपला अंदाज चुकू शकतो’ हे धरूनच करायची.

आधी आकडे वाचायला शिका

फुटबॉल जीएममध्ये प्रत्येक नवख्यापुढे दोन आकडे असतात: आजची ताकद आणि पुढे तो कुठवर जाईल याचा अंदाज. समजा दुसऱ्या फेरीत तुमची पाळी आलीय आणि ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे चढाईत पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारे, दोन जण उरलेत. एक २३ वर्षांचा, ५५/६०. दुसरा २१ वर्षांचा, ४८/७१. नवा माणूस बहुतेक वेळा पहिल्याला घेतो, कारण ५५ हा आकडा डोळ्यांत भरतो. पण ५५ असो की ४८, यंदा दोघेही बाकावरच बसणार आहेत. मग आज कोण बरा आहे याला अर्थ काय राहिला? दुसरा घ्या. दोन वर्षं लहान म्हणजे वाढायला दोन वर्षं जास्त.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नवख्यांचे हे आकडे धूसर असतात. खेळ मुद्दामच त्यांत थोडी चूक मिसळतो आणि स्काउटिंगवर, म्हणजे नवखे पारखण्यावर, जितका कमी खर्च, तितकी ती चूक मोठी. त्यामुळे ७१ आणि ६९ यांत फरक शोधत बसू नका. मी यादीचे गट पाडतो: हे चौघे साधारण सारखे, मग पुढचे सहा, मग बाकीचे. पाळी आली की वरच्या गटात कोण उरलंय एवढंच बघायचं.

मग जागेचं, म्हणजे मैदानावरच्या भूमिकेचं, मोल ठरवा

सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा. अकरा जण मैदानात उतरतात, पण त्यांचं वजन सारखं नसतं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, एकटा संघाचं नशीब बदलतो. खऱ्या खेळात तसंच आहे आणि सिम्युलेशनच्या गणितातही. त्याच्यामागोमाग मी दोन्हीकडच्या लाइन बघतो: क्वार्टरबॅकला वाचवणारे आणि समोरच्याच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, पार खाली.

हे मी ठेच लागूनच शिकलो. एका लीगमध्ये माझी पाळी चौथी होती. वेगाचा आकडा बघून मी एका रनिंग बॅकवर भाळलो. पोरगा होताही चांगला, पहिल्याच वर्षी संघात बसला. पण रनिंग बॅक लवकर पिकतात आणि लवकर गळतात. माझा बाकीचा संघ उभा राहीपर्यंत त्याची उतरण सुरू झाली होती. माझ्यानंतर गेलेला क्वार्टरबॅक मात्र पुढे कितीतरी हंगाम मलाच हरवत राहिला. वेगाची भुरळ खऱ्या संघांनाही पडते. जॉन रॉस २०१७ मध्ये ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा तो विक्रम होता. सिनसिनाटीने त्याला नववा घेतला, पण रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) म्हणून तो कधी स्थिरावला नाही.

त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या पाठोपाठ, दहावा, क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स गेला. त्याच्यासाठी कॅन्सस सिटीने २७व्या क्रमांकावरून वर उडी मारली, बदल्यात तिसऱ्या फेरीतली निवड (म्हणजे निवडायचा हक्क) आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड दिली. तुमच्याकडे क्वार्टरबॅक नसेल तर एवढी किंमत मोजायला हरकत नाही. दुसऱ्या कुठल्याही जागेसाठी नको.

किकर आणि पंटर (चेंडूला लाथ मारणारे खास खेळाडू) शेवटच्या फेऱ्यांत, किंवा ड्राफ्टबाहेर मोकळ्या असलेल्या खेळाडूंतून घ्या. टॅम्पा बेने २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत रॉबर्टो अग्वायो हा किकर घेतला, तोही वर सरकून. पुढच्या हंगामाआधीच त्याला सोडावं लागलं.

वरची निवड विकून खालच्या दोन घ्या

रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या दोन अभ्यासकांनी एनएफएलच्या ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेचे, एकामागोमाग निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता त्यांना फक्त ५२ टक्के दिसली. नाणेफेकीपेक्षा किंचित बरं. तरीही संघ वर सरकण्यासाठी भरपूर मोजतात. तो फायदा आपण उचलायचा.

किती मागायचं, यासाठी प्रत्येक निवडीचं मोल गुणांत मांडणारा जुना तक्ता कामाला येतो. डॅलस संघाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तो तयार झाला. त्यात पहिली निवड ३००० गुणांची, १६वी १००० ची, ३२वी ५९० ची आणि ४९वी ४१० ची. म्हणजे तुमची १६वी देऊन ३२वी आणि ४९वी मागितली तर व्यवहार बरोबरीचा. माझ्या मते यात तुम्हीच पुढे असता, कारण एका अंदाजाऐवजी दोन अंदाज हाती आले. समोर संगणक असेल तर भाव त्याच्या हिशोबाने ठरतो, तेव्हा दोन-तीन संघांना विचारून बघा. समोर माणसं असतील तर पाळी येण्याच्या जरा आधी बोला, घड्याळ चालू झाल्यावर नाही.

अमेरिकेतल्या भावंडांबरोबर लीग चालवत असाल तर वेळ आधी नीट ठरवा. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपली दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेपाच. झोपेत ऑटो ड्राफ्टवर सोडू नका, तो तुमच्या संघाची गरज तुमच्याइतकी ओळखत नाही.

निवडून झाल्यावर

नवख्यांना लगेच उतरवायची घाई नको, क्वार्टरबॅकला तर नकोच. माहोम्सनेही पहिल्या वर्षी एकच सामना सुरुवातीपासून खेळला, बाकी हंगाम संघाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथच्या मागे राखीव राहिला. क्वार्टरबॅक उशिरा फुलतात. दोन हंगाम आकडा हलला नाही म्हणून त्याला विकू नका. रनिंग बॅकचं उलट: चांगला खेळतोय तोवरच त्याला गिऱ्हाईक शोधा.

आणि सातवी फेरी संपली की पान बंद करू नका. कोणीच न निवडलेल्यांची यादी उघडा, वयानुसार लावा आणि २१ वर्षांचे जे दिसतील त्यांतले दोन-तीन किमान पगारावर घेऊन टाका. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरला १९९४ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, आणि १९९९ चा हंगाम संपला तेव्हा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता.