इम्प्लांटआधी जबड्यात हाड भरायचं असेल तर

दाढ काढली तेव्हा पुढे तिथे काय बसवायचंय हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ठणका थांबला, खड्डा भरून आला, विषय मिटला. दोन वर्षांनी इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्यात स्क्रू बसवून त्यावर कायमचा दात लावून घ्यायला गेले, तर डॉक्टरांनी स्कॅनमधला माझ्या जबड्याचा आडवा काप दाखवला. वर वर निमुळता होत गेलेला, थेट सुरीच्या पात्यासारखा. त्यांनी दोन टिंबं टेकवून मधे रेघ ओढली. ३.८ मिलिमीटर. इम्प्लांटचा स्क्रूच साधारण ४ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दीड ते दोन मिलिमीटर हाड उरावं लागतं. बेरीज काही अवघड नव्हती. आधी हाड भरायचं (या भरीलाच ग्राफ्ट म्हणतात), मग इम्प्लांट.

ही यादी तेव्हापासून जमत गेली. ऑपरेशन तासा-दीड तासाचं असतं. त्याच्या आधीची आणि नंतरची कामं मात्र बरीच, आणि त्यातली बहुतेक पेशंटनेच करायची असतात.

यादीतलं पहिलं काम दात अजून तोंडात असतानाच करायचं. दात काढायचं ठरलं की खुर्चीत बसण्याआधी विचारा, ‘पुढे इम्प्लांट करायचा विचार आहे, खाचेत आत्ताच ग्राफ्ट भरावा का?’ दाताभोवतीचं हाड दाताच्या जिवावर टिकतं. दात गेला की ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात तिथली रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. ओठाच्या-गालाच्या बाजूची भिंत मुळात पातळ, त्यामुळे आधी तीच ढासळते. दात काढला त्याच बैठकीत खाच भरून ठेवली तर झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच आवरते. प्रत्येक खाचेला याची गरज असतेच असं नाही. पण विचारायला दोन मिनिटं लागतात. मी ती वाचवली आणि पुढे आठ महिने घालवले.

वेळ टळून गेली असेल तर स्कॅनपासून सुरुवात. साध्या सपाट एक्स-रेवर हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. जाडीसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन लागतो. तो झाला की फाइल घेऊन घरी पळू नका, पडद्यासमोर बसून बघायला मागा. कमी काय पडतंय, रुंदी की उंची? खालच्या जबड्यात हनुवटीला आणि ओठाला संवेदना देणारी नस जाते, ती किती लांब आहे? वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, तिच्या तळाशी किती हाड उरलंय? या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. थोडंसंच कमी असेल तर इम्प्लांट बसवतानाच बाजूला दाणेदार ग्राफ्ट भरून वर पातळ पडदा अंथरतात, वेगळं ऑपरेशन लागत नाही. जास्त कमी असेल तर आधी ग्राफ्ट, मग थांबणं. वरच्या दाढांत उंची कमी असेल तर सायनसचं अस्तर हलकेच वर उचलून खाली हाड भरायचं, ज्याला सायनस लिफ्ट म्हणतात. आणि फारच झिजलं असेल तर हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून हाडाचा तुकडा काढून बारीक स्क्रूंनी बसवतात. म्हणजे दोन जखमा. दुसरी कुठे असणार हे आधी विचारून ठेवा.

त्याच बैठकीत एक प्रश्न जरा धीर करून विचारावा. ग्राफ्टशिवाय काही जमेल का? आखूड इम्प्लांट, तिरका बसवलेला इम्प्लांट, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), काढ-घालीचा दात, हे सगळे पर्याय अजून आहेत. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. चिडला, तर दुसरं मत घ्यायची वेळ आलीय असं समजावं. हे माझं मत, पण पक्कं.

मग सामग्री. ग्राफ्ट म्हटलं की लोकांना वाटतं सिमेंटसारखं काहीतरी भरून टाकतात. बाटलीतला ग्राफ्ट हातात घेऊन पाहिला तर जाडसर मिठासारखा दिसतो. तो स्वतः हाड बनत नाही. तो मांडव उभा करतो आणि आपल्या पेशी त्यावर नवं हाड चढवतात. पडद्याचं काम एवढंच की हाडाच्या आधी हिरडीने त्या जागेत घुसू नये, कारण हिरडी वाढते भराभर आणि हाड सावकाश. ही सामग्री चार ठिकाणांहून येते. एक तर आपलंच हाड. दुसरं, दात्याने मृत्यूनंतर दिलेलं, प्रक्रिया केलेलं मानवी हाड. तिसरं जनावराचं, बहुतेकदा गाईचं, कधी डुकराचं. त्यातला सजीव अंश काढून खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो. चौथं कारखान्यात बनवलेलं. श्रद्धेपोटी किंवा तत्त्वापोटी यातलं काही चालणार नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा. कोलॅजनचा पडदाही बहुधा प्राण्यापासूनच बनतो, त्याबद्दल वेगळं विचारा, कारण तो प्रश्न कुणाला सुचत नाही. भूल चढायच्या आधी संमतिपत्रावर सही करताना पहिल्यांदा कळलं, तर धड नाहीही म्हणता येत नाही. वापरलेल्या बाटलीवर बॅच नंबरचं स्टिकर असतं. ते आपल्या कागदांत चिकटवून मागा.

आता औषधांची यादी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

माझ्या मोठ्या बहिणीचा फॉर्म मी शेजारी बसून वाचत होते. ‘चालू औषधं’ या रकान्यात ताईने लिहिलं, बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी. खाली सही. मी म्हटलं, ‘ताई, हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून घेतेस ते?’ ‘ते काय औषध आहे होय? ते तर मार्चमध्येच झालं.’ हे असंच होतं. गोळ्यांच्या डबीत जे नाही ते औषधच वाटत नाही. आणि जबड्याच्या ऑपरेशनच्या दृष्टीने नेमकं तेच सर्वांत महत्त्वाचं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधं, आठवड्याची गोळी असो, सहा महिन्यांनी त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन असो की वर्षाचं सलाईन, हाडाची नैसर्गिक मोडजोड मंदावतात. त्यामुळे क्वचित जबड्याची जखम भरतच नाही आणि हाडाचा तुकडा मृत होऊन उघडा पडतो. २००३ पासून हे वैद्यकात नोंदलेलं आहे. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत ही औषधं घेतलेल्यांना धोका बराच जास्त, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांना कमी. पण सांगायचं दोघांनीही, पाच वर्षांपूर्वी बंद केलं असेल तरी सांगायचं. आणि घाबरून स्वतःच्या मनाने इंजेक्शन चुकवायचं तर मुळीच नाही. सहा महिन्यांचं इंजेक्शन मधेच सोडलं तर पाठीचे मणके मोडू शकतात. डेंटिस्ट आणि ते औषध देणारे डॉक्टर, दोघांना एकमेकांशी बोलू द्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तेच. शेजाऱ्याने पाच दिवस आधी बंद केल्या म्हणून आपण करू नयेत. बऱ्याचदा गोळ्या चालू ठेवून, टाके आणि दाब यांनीच रक्त थांबवतात. त्यातली वॉरफरिन चालू असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट हवा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. ती ७ च्या आसपास असेल तर डॉक्टर निर्धास्त असतात, ८ च्या वर गेली की बरेचजण ‘आधी साखर आणा खाली’ म्हणतात. डोक्या-मानेला कधी रेडिएशन झालं असेल, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल किंवा शक्यता असेल, तेही सांगा. काढे, चूर्णं, ताकदीच्या गोळ्या यांनाही औषधच समजा. सोपा उपाय म्हणजे घरातलं औषधांचं सगळं कपाट मोबाईलवर टिपून न्यायचं आणि इंजेक्शनांच्या तारखा कागदावर.

तंबाखूबद्दल प्रवचन देत नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्ट जगतो तो रक्तावर. सिगारेट, व्हेप, चघळायची तंबाखू, सगळं किमान एक-दोन आठवडे आधी बंद आणि नंतर दोन महिने बंद. हे जमणार नसेल तर डॉक्टरांना खरं सांगा आणि तारीख पुढे घ्या. खोटं बोलून केलेला ग्राफ्ट निकामी झाला तर तो पुन्हा करावा लागतो, आणि दुसऱ्यांदा हिरडी पहिल्यासारखी साथ देत नाही.

हिरड्यांतून रक्त येत असेल, शेजारच्या दाताच्या मुळाशी पू असेल, तर त्याचे उपचार आधी. दात साफ करून घेणं हे काम सगळ्यांनाच लागू. सायनस लिफ्ट असेल आणि सर्दी-सायनसचा जुना त्रास असेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची भेटही आधीच.

पुढच्या कामाकडे सगळे दुर्लक्ष करतात, ते म्हणजे तात्पुरता दात. समोरचा दात नसेल तर मधल्या महिन्यांत काय घालणार हे ऑपरेशनच्या आधी ठरलेलं हवं. काढ-घालीची कवळी ग्राफ्टवर टेकली की प्रत्येक घासाला खालचे दाणे हलतात, आणि हलणाऱ्या जागी हाड धरत नाही. कवळी असेल तर ती त्या जागी आतून कोरून घ्यावी लागते, किंवा काही आठवडे न घालता काढावे लागतात. शेजारच्या दातांना चिकटवलेला दात हा अधिक सुरक्षित मार्ग. ‘नंतर बघू’ हे उत्तर इथे घेऊ नका.

कॅलेंडर उघडा. सूज सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणून शुक्रवारी ऑपरेशन आणि सोमवारी भाषण असं करू नका. आठवडाभर जड उचलणं, पळणं नको. फुंकून वाजवायचं वाद्य वाजवत असाल तर किती दिवस सुट्टी ते विचारा. सायनस लिफ्टनंतर काही आठवडे विमानप्रवास आणि पाण्याखाली डुबकी टाळायला सांगतात. मग लांबचा हिशोब. भरलेल्या खाचेला तीन-चार महिने, कधी सहा. हाडाच्या तुकड्याला चार ते सहा. सायनसला सहा ते नऊ. त्यानंतर इम्प्लांट, तो हाडाला धरायला आणखी दोन-चार महिने, मग वरचा दात. वर्ष सहज जातं. टायटॅनियम हाडाला धरतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये कळलं, सशाच्या हाडात बसवलेलं उपकरण निघता निघेना तेव्हा. माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले १९६५ मध्ये. तेरा वर्षं! हा आकडा आठवला की मला माझे आठ महिने जरा हलके वाटायचे.

आदल्या दिवशीचं भराभर सांगते. औषधं आधीच आणून ठेवा, तोंड बधिर असताना दुकानात उभं राहू नका. बर्फाच्या दोन पिशव्या, म्हणजे एक गालावर असताना दुसरी गार होते. एक जादा उशी. अगदी मऊ ब्रश. तीन दिवस पुरेल असं मऊ, न चावता गिळता येईल असं खाणं. नुसती जागा बधिर करणार असतील तर व्यवस्थित खाऊन जा. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर सहसा सहा तास खाणं बंद आणि दोन तास पाणीही बंद, आणि घरी आणायला माणूस हवाच. बाही वर सरकेल असा सैल सदरा घाला, कारण रक्तदाबाचा पट्टा बांधतात आणि काही ठिकाणी ग्राफ्टमध्ये मिसळायला तुमचंच थोडं रक्त काढून यंत्रात फिरवून घट्ट करतात. नखांचं पॉलिश काढून जा.

नंतरच्या सूचना डॉक्टर देतीलच, पण बधिरपणात ऐकलेलं लक्षात राहत नाही, म्हणून आधीच वाचून ठेवा. पहिला दिवस थुंकणं नाही, जोरात चूळ नाही, स्ट्रॉ नाही. वेदनाशामक गोळी भूल उतरायच्या आत. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने तोंड भरायचं आणि मान वाकवून पाणी आपोआप सांडू द्यायचं. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं असेल तर टूथपेस्टनंतर अर्धा तास सोडून वापरा, नाहीतर त्याचा असर कमी होतो. काही दिवसांनी दातांवर तपकिरी डाग दिसले तर घाबरू नका, ते साफ करता येतात. सायनसचं काम झालं असेल तर नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, ते दचकतात. जिभेला वाळूसारखे दोन-चार कण लागले तर तो ग्राफ्टचा सांडलेला भाग, चालतं. चमचाभर आले, किंवा पडदा उघडा दिसला, तर फोन करा. अर्धा तास दाबूनही रक्त थांबेना, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, पू किंवा घाण चव आली, भूल उतरायची वेळ टळली तरी ओठ-हनुवटी बधिरच राहिली, तरीही फोन करा, आणि रात्र असली तरी करा. तो रात्रीचा नंबर ऑपरेशनच्या आधी मागून बाथरूमच्या आरशाला चिकटवून ठेवा. टाके काढायची तारीख त्याच कागदावर लिहा, सात ते चौदा दिवसांतली कुठलीतरी, आणि तिच्याखाली पुढच्या स्कॅनचा महिना.