पुण्यात अ‍ॅनेस्थेशियाला आलात? न्यूरो पोस्टिंग लागायच्या आधी हे वाचा

मी परभणीचा. भूलशास्त्राच्या एमडीला पुण्यात आलो, पहाटे वाघोलीला ट्रॅव्हल्समधून उतरलो तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं, आता इथेच घर केलंय आणि रोज न्यूरोच्या, म्हणजे मेंदू आणि मणक्याच्या ऑपरेशनच्या, केसेस करतो. दरवर्षी मराठवाडा विदर्भातून नवीन जेआर, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट, येतात आणि न्यूरो पोस्टिंग लागली की घाबरून एकच विचारतात, सर काय वाचू, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

पहिलं म्हणजे पीडीएफ गोळा करत बसू नका. टेलिग्रामवर ढिगाने मिळतात, मोबाईल भरतो आणि वाचून काही होत नाही. उद्याच्या लिस्टला जी केस आहे तेवढंच आज वाचायचं. पीएसीला, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीला, गेलात की पेशंटचा एमआरआय स्वतः लाईटवर धरून बघा, मेंदूची मिडलाईन सरकलीये का, व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची पोकळी) दबलंय का, मग रिपोर्ट वाचा, आणि रात्री मेसवरून आलात की तासभर त्याच ट्यूमरचं वाचा. असं तीन महिने केलंत ना तर पोस्टिंग संपेपर्यंत अर्धं न्यूरो डोक्यात बसलेलं असतं.

कॉट्रेल-पटेल हे न्यूरोच्या भुलेचं पुस्तक पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, महाग आहे, अप्पा बळवंत चौकात हवं तेवढं फिरा पण हे लायब्ररीत बसूनच वाचा, तेही आधी सेरेब्रल ब्लड फ्लो (मेंदूचा रक्तपुरवठा) आणि आयसीपी (कवटीच्या आतला दाब) एवढेच दोन चॅप्टर. केसच्या मधल्या वेळात डब्ल्यूएफएसए या भूलतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेचे ट्युटोरियल ऑफ द वीक वाचा, फुकट आहेत, चहा संपेपर्यंत एक होतं. हेड इन्जुरीसाठी ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या गाइडलाइन्स, २०१६ ची चौथी आवृत्ती, तीही फुकट, आयसीपी २२ च्या वर गेला की ट्रीट करा आणि सीपीपी, म्हणजे मेंदूला रक्त पोचवणारा दाब (मीन बीपी वजा आयसीपी), ६० ते ७० ठेवा हे तिथूनच येतं. आणि आपल्या इस्नॅकचं, म्हणजे १९९९ पासून चालत आलेल्या भारतीय न्यूरोअ‍ॅनेस्थेशिया सोसायटीचं, जर्नल नक्की बघत जा, २०१४ पासून निघतंय, त्यातले पेशंट आपल्या वॉर्डातल्यासारखे असतात म्हणून लवकर लक्षात राहतं.

पण सगळं काही पुस्तकात सापडत नाही. मी सेकंड इयरला असताना एका केसमध्ये सर्जननी टेबल वर घ्यायला सांगितलं, आर्टेरियल लाईनचा, म्हणजे धमनीतल्या नळीतून बीपी मोजणारा, ट्रान्सड्यूसर वेगळ्या स्टँडवर होता तो खालीच राहिला, मॉनिटरवर मीन बीपी ७८ दिसतंय आणि मी निर्धास्त. मॅडम आल्या, काही न बोलता ट्रान्सड्यूसर उचलून पेशंटच्या कानाच्या, म्हणजे मेंदूच्या, लेव्हलला धरला, झिरो केला, आकडा ६३. २० सेंटिमीटरला जवळपास १५ चा फरक पडतो. आता मनातल्या मनात आयसीपी २० धरा, सीपीपी ५८ वाटत होतं ते खरं ४३ होतं. त्या दिवसापासून टेबल हललं की माझा हात आधी ट्रान्सड्यूसरकडे जातो, तुमचाही जायला हवा.

स्काल्प ब्लॉकचे, म्हणजे डोक्याच्या कातडीच्या नर्व्ह बधिर करण्याचे, व्हिडिओ बघा जरूर, पण त्याआधी अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटमधून कवटी मागून घ्या. सुप्राऑर्बिटल नॉच (खाच) बोटाने शोधा, मग तोच स्वतःच्या भुवईवर शोधा, सुप्राट्रॉक्लिअर तिथून जरा नाकाच्या बाजूला, पुढे झायगोमॅटिकोटेम्पोरल, ऑरिक्युलोटेम्पोरल, मागे लेसर आणि ग्रेटर ऑक्सिपिटल, एका बाजूला सहा नर्व्ह झाल्या. डोकं पक्कं धरायच्या पिना लावताना बीपी कसं उसळतं हे एकदा बघितलं की या ब्लॉकची किंमत कळते.

ओटीतल्या सिस्टर आणि मामांना (वॉर्डबॉयना) विचारायला लाजू नका. प्रोन, म्हणजे पालथ्या झोपवलेल्या, पेशंटच्या छातीखाली बोल्स्टर (लोड) कुठे ठेवला म्हणजे पोट मोकळं राहतं हे मला एका मामांनी शिकवलं, डोळ्यावर दाब येत नाहीये ना हे दर थोड्या वेळाने बघायचं हेही त्यांनीच. मेंदूची सूज उतरवणाऱ्या मॅनिटॉलची बाटली उजेडाकडे धरून बघायची सवय सिस्टरनी लावली, थंडीत त्यात खडे धरतात आणि तशी लावायची नसते.

पुढे याच फील्डमध्ये राहायचं असेल तर डीएम, म्हणजे एमडीनंतरचं सुपरस्पेशालिटीचं शिक्षण, तीन वर्षांचं आहे, बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, चंदीगडचं पीजीआय. त्याची माहिती दुसऱ्या वर्षातच काढून ठेवा.

आणि हो, हॉस्टेलची रूम कितीही छोटी असली तरी पहिल्या वर्षी सोडू नका. ड्युटी नसली तरी रात्री दोनला एक्स्ट्राड्युरल (कवटीखाली रक्त साचलेला पेशंट) आला की सिनिअर फोन करतात, ये बघायला म्हणून, आणि कोथरूडहून गाडी काढून येईपर्यंत इंडक्शन, म्हणजे भूल देणं, होऊन गेलेलं असतं.