कॅस्केड हॉप्स वापरताय? या चुका टाळा

पेल एल ही फिकट रंगाची बिअर बिघडली की नवा ब्रूअर (बिअर बनवणारा) आधी यीस्टला दोष देतो, मग पाण्याला, मग माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) देणाऱ्याला. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं म्हणजे हॉप्स, त्यांच्या पाकिटात नाक घालून बघ म्हटलं की मात्र तोंड वाकडं होतं.

कॅस्केड तसा गुणी हॉप. १९७२ साली अमेरिकेत ओरेगनमधून तो बाजारात आला. इंग्लिश फगल आणि रशियन सेरेब्रियांका हे त्याचे पूर्वज. पुढे अमेरिकेतल्या सिएरा नेव्हाडा ब्रूअरीच्या पेल एलने त्याचं नाव जगभर केलं. वास पपनसाच्या सालीचा, मागून फुलांचा, किंचित मसालेदार. कडवटपणा देणारं अल्फा ॲसिड साधारण ४.५ ते ७ टक्के. खोट एकच, तो टिकत नाही. २० अंशांवर सहा महिने ठेवलात तर त्यातलं जवळजवळ निम्मं अल्फा ॲसिड जातं. आणि मुंबईत २० अंश म्हणजे एसीची खोली. गोदामात मे महिन्यात काय होत असेल, विचार करा.

अंधेरीच्या एका मायक्रोब्रूअरीतून ऐन पावसाळ्यात फोन आला. पेल एलला कुबट वास येतोय, गिऱ्हाईक ग्लास परत पाठवतंय. मी पोहोचेपर्यंत त्यांनी यीस्ट बदललं होतं, पाइपलाइन दोनदा कॉस्टिक सोड्याने धुतली होती, गॅस्केटं नवी टाकली होती. मी विचारलं, हॉप्स कुठे आहेत? पोरगा बारच्या काचेच्या फ्रिजकडे घेऊन गेला. रात्रभर उघडझाप होणारा तो फ्रिज, आत सोड्याच्या बाटल्यांमागे पाच किलोचं पाकीट, अर्धं रिकामं, तोंड दुमडून रबरबँड लावलेलं. चार पेलेट (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) तळहातावर घेतले. हिरवे असायला हवेत, ते गवती पिवळट झाले होते. अंगठ्याने चुरले, हुंगले, आणि हात त्या पोराच्या नाकाखाली धरला. जुनं चीज आणि घामट मोजे. हॉप्समधली रेझिन्स हवेने सडली की आयसोव्हॅलेरिक ॲसिड तयार होतं, त्याचा हा वास. पोरगा म्हणाला, "सर, पण एक्सपायरी पुढच्या वर्षाची आहे." ती तारीख बंद पाकिटाची असते रे बाबा! टाकीतली सगळी बिअर गटारात गेली.

माझी पद्धत सांगतो. पाकीट उघडलं की त्याच दिवशी उरलेल्याचे एकेका बॅचपुरते पुडे करायचे, व्हॅक्यूम सीलरने बंद करायचे, वर मार्करने तारीख आणि अल्फा लिहायचा आणि थेट उणे १८ च्या डीप फ्रीझरमध्ये. त्या फ्रीझरला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. शेफला त्यात कोलंबी ठेवायची असते. तो चिडतो, चिडू दे. आणि पुडा बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका, आपल्या दमट हवेत पेलेटवर पाणी धरतं. आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

दुसरी चूक आकड्याची. रेसिपीत '७०० ग्रॅम' लिहिलंय म्हणून डोळे मिटून ७०० ग्रॅम टाकायचे. पाचशे लिटरला तासभराच्या उकळीत, पाव भाग कडवटपणा उतरतो असं धरलं, तर ५.५ टक्केवाल्या कॅस्केडने सुमारे १९ आयबीयू (कडवटपणाचं माप) मिळतात, ७ टक्केवाल्याने २४ च्या वर. पाकिटावरचा अल्फा वाचून वजन बदला. त्रैराशिक आहे, सातवीतलं. ॲपवर विसंबणाऱ्यांनी निदान ॲपमध्ये खरा अल्फा तरी भरावा.

सगळा कॅस्केड उकळीच्या सुरुवातीलाच ओतणाऱ्यांना काय म्हणावं? कडवटपणा मिळेल, पपनस वाफेबरोबर छताला लागेल. कडवटपणापुरता थोडा आधी, बाकीचा उकळी थांबवून वर्ट (माल्टचा न आंबलेला रस) ८० अंशांच्या खाली आणल्यावर व्हर्लपूलमध्ये, म्हणजे तो गोल फिरवताना, वीसेक मिनिटं.

ड्राय हॉपिंगला, म्हणजे फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या टाकीत) हॉप्स भिजवायला, लिटरमागे तीन-चार ग्रॅम पुरे. आठवडाभर भिजत ठेवलात तर पपनसाऐवजी गवत प्याल. मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढतो. फर्मेंटरमध्ये गॅस दाबून असताना वरून पेलेटची पिशवी रिकामी करू नका. बिअर कारंज्यासारखी उसळते, शिडीवरचा माणूस पडू शकतो. आधी प्रेशर सावकाश सोडा, मग थोडे थोडे टाका. आणि टाकल्यावर लगेच टाकी थंड करायची घाई नको. हॉप्समधली एन्झाइम्स न आंबलेल्या डेक्स्ट्रिनची (पिष्टाच्या तुकड्यांची) साखर करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि डायअसिटिल तयार होऊन लोण्यासारखा वास येतो. तो यीस्टलाच निस्तरू द्या. शनिवारच्या गर्दीसाठी बिअर हवी, हे कारण यीस्टला कळत नाही.

मुंबईला येणारं तानसा-वैतरणाचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी, त्यामुळे पेल एलला थोडं जिप्सम (कॅल्शियमचा क्षार) लागतं. मोजून घाला, अंदाजे मूठभर नको.

कॅस्केड संपला म्हणून सेंटेनियल घालणार असाल तर चालेल, वासाने तो जवळचाच. पण त्याचा अल्फा साधारण १० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे उकळीतलं वजन निम्म्याच्या जरा वर ठेवा. साझ मात्र त्या जागी घालू नका. तो पिल्सनरचा हॉप, त्यातून पपनस निघणार नाही.