पणजोबांच्या पलटणीचा शोध घेताना या चुका टाळा

‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते.’ सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकायला मिळतं. तेवढ्यावरून पहिलं महायुद्ध धरून चाललात तर घोटाळा होईल. इंग्रजांची हिंदी फौज बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) १९१४ मध्ये उतरली, तशीच दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्येही.

म्हणून आजीला ‘कुठलं युद्ध?’ असं विचारू नका. आपण सुचवलेलं उत्तर ती मायेपोटी मान्य करते. ‘मानमोडीच्या साथीत ते घरी होते का? मनिऑर्डर कोणाच्या नावाने यायची? थोरल्या आत्याचं लग्न ते जाण्याआधी झालं की नंतर?’ असं विचारा. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, त्यामुळे साल आपोआप हाती लागतं. चुलत पणजोबांचा पराक्रम सख्ख्यांच्या नावावर चढला असेल, तर तो गुंताही अशाच प्रश्नांनी सुटतो.

सगळ्यात जास्त जीव हळहळतो तो पदकांसाठी. कृपा करून ती चिंच लावून घासू नका! पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते. दरवर्षी घासून ती अक्षरं झिजतात आणि घरातला सर्वांत भक्कम पुरावा जातो. पदक खिडकीशी तिरकं धरा, भिंगातून वाचा, कडेचे चारी बाजूंनी फोटो काढा. तळहातापेक्षा मोठी काशाची चकती मात्र पदक नव्हे. ती युद्धात मरण पावलेल्याच्या वारसांना मिळायची आणि तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा किंवा पलटण नाही.

पलटणीचा नंबर मिळाला तरी तो आजच्या यादीत शोधू नका. १९२२ मध्ये जवळजवळ सगळे नंबर बदलले. ११० वी मराठा ही ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. शिवाय मराठा घरातला माणूस मराठा पलटणीतच असेल असंही नाही. तो खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या पूल-रस्ते बांधणाऱ्या तुकडीत असेल, नाहीतर खेचरं हाकत असेल.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फक्त मृतांची नावं आहेत. जिवंत परतलेले पणजोबा तिथे सापडणारच नाहीत. त्यांच्यासाठी पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद शोधा. मृतांमध्ये शोधताना आडनावावर अडून राहू नका. कारकुनाने इंग्रजीत जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे जाधवांचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करून बघा.

बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाच्या फोटोत नाव दिसलं नाही म्हणून ‘ते तिथे नव्हतेच’ असं ठरवू नका. त्या दगडावर हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची फक्त संख्या. नावं कमिशनच्या नोंदींत आहेत, तिथे बघा. मराठा पलटणीचा माणूस असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. पत्रात घरची गोष्ट चार ओळींत पुरे, पण नंबर, जुनी पलटण, वडिलांचं नाव आणि त्या काळातला तालुका मात्र न चुकता लिहा.