काडतूस घेताना टोपी पाहूनच घ्या

भाऊ, रानडुकरापासून पीक राखायला बारा बोअरच्या (बोअर म्हंजे नळीचं माप) बंदुकीचं लायसन असंल तं काडतूस घेताना बुडाची टोपी, म्हंजे घोडा पडला की पेटून बार उडवते ती, पाहा, पितळेवर हिरवट चढलं असंल नाहीतर टोपी बुडाच्या वर आलेली दिसली तं परत करा, दुकानदार काहीबी म्हणो. घोडा पडला अन् बार नाही झाला तं लगेच बंदूक उघडू नका, नळी मोकळ्या वावराकडं धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कधीकधी बार उशिरा होते. वीस बोअरचं, म्हंजे बारापेक्षा बारीक, पिवळं काडतूस खिशात मिसळलं तं लय डेंजर, ते बाराच्या नळीत सरकून अडकते अन् मागून दुसरं टाकून घोडा दाबला की नळी फाटते. अन् घरी टोप्या बसवून काडतूस भरायचं तं डोक्यातूनच काढा, लायसनशिवाय ते १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टात गुन्हा हाय.