कोरोनानंतर मेंदूची काळजी कशी घ्यावी आणि त्यात लशीचा आधार किती

कोरोनातून उठल्यावर ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडत असेल, किंवा वाचलेले पान पुन्हा वाचावे लागत असेल, तर तो मनाचा खेळ आहे असे म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूची छायाचित्रे दोन वेळा घेण्यात आली आणि मधल्या काळात त्यांपैकी ४०१ जणांना संसर्ग झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाधितांच्या मेंदूतील गंधाशी जोडलेल्या भागांत इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्के अधिक झीज दिसली. त्यांतील बहुतेकांचा आजार सौम्य होता, आणि मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

सर्वप्रथम धोक्याची चिन्हे ओळखावीत. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, आकडी येणे, किंवा घरातील वृद्ध व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काहीही घडल्यास घरी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. संसर्गात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि पक्षाघातावरील काही उपचार पहिल्या काही तासांतच करता येतात. वृद्धांमध्ये तर ताप किंवा खोकला नसताना केवळ भ्रम हेच कोरोनाचे पहिले लक्षण असू शकते.

याउलट विस्मरण, मंदावलेला विचार आणि एकाग्रतेचा अभाव, ज्याला ब्रेन फॉग म्हणतात, त्याचा मार्ग बहुधा निराळा असतो. विषाणू मेंदूच्या पेशींत शिरून त्या खातो, हे चित्र बहुतेक रुग्णांना लागू पडत नाही. शरीरभर उसळलेली दाहाची प्रतिक्रिया मेंदूतील संरक्षक पेशींना चेतवते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, आणि रक्तातील नको ते घटक मेंदूपासून दूर ठेवणारी भिंत काही जणांत झिरपू लागते. वास जाण्याचे कारणही बहुधा नाकातच असते, कारण विषाणू गंधाच्या चेतापेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशींना गाठतो.

त्रास काही आठवडे टिकला, तर एक वही करावी आणि कोणत्या वेळी, कोणत्या कामानंतर, किती काळ डोके जड झाले हे तिच्यात रोज लिहावे. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्यास नेमके निदान सोपे जाते. सगळेच कोरोनाच्या माथी मारू नये. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही हुबेहूब असाच त्रास होतो, आणि यांतील बहुतेक कारणांवर उपचार आहेत.

विश्रांतीच्या बाबतीत मात्र एक चूक वारंवार होते. बरे वाटले त्या दिवशी साचलेली सर्व कामे उरकली जातात आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. ज्यांना असा अनुभव येतो त्यांनी जिद्दीने व्यायाम वाढवत नेऊ नये. थकवा येण्याआधी थांबावे, बौद्धिक कामाचेही छोटे तुकडे पाडावेत, आणि त्रास उसळला नाही तरच पुढचे पाऊल टाकावे. वास परतला नसेल, तर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार गंध प्रत्येकी सुमारे २० सेकंद, दिवसातून दोनदा, किमान तीन महिने लक्षपूर्वक हुंगावेत. हा सराव कंटाळवाणा असला तरी निरुपद्रवी आहे आणि अनेकांना त्याचा लाभ होतो.

आता लशीविषयी. लस मेंदूभोवती कवच उभारत नाही. ती प्रामुख्याने आजाराची तीव्रता कमी करते, आणि मेंदूची हानी तीव्रतेबरोबर वाढत जाते. इंग्लंडमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, पूर्ण बरे झालेल्यांची कामगिरी संसर्ग न झालेल्यांपेक्षा बुद्ध्यांकाच्या मापात सुमारे ३ गुणांनी, लक्षणे टिकलेल्यांची ६ गुणांनी आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्यांची ९ गुणांनी कमी होती. दोन किंवा अधिक मात्रा घेतलेल्यांना अल्पसा लाभ आढळला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींत दीर्घ कोविडचे, म्हणजे संसर्गानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासाचे प्रमाण, डेल्टापूर्व काळातील लस न घेतलेल्या दर १०० बाधितांमागे सुमारे १० होते. ते ओमिक्रॉनच्या काळातील लसवंतांमध्ये ३.५ वर आले आणि या घटीचा सुमारे ७२ टक्के वाटा संशोधकांनी लसीकरणाला दिला. म्हणून वय, सहव्याधी किंवा गर्भारपण यांमुळे ज्यांना धोका अधिक आहे, त्यांनी वर्धक मात्रेबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

लशीचेही धोके आहेत आणि ते लपवणे योग्य नाही. ॲडेनोव्हायरस या दुसऱ्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर आधारित लशींनंतर मेंदूतील शिरांत गुठळी होणे आणि गियाँ-बारे हा चेतांचा आजार क्वचित आढळला. इंग्लंडच्या नोंदींत अशा एका लशीनंतर दर एक कोटी लोकांमागे गियाँ-बारेचे ३८ अधिक रुग्ण दिसले, तर प्रत्यक्ष संसर्गानंतर १४५. ज्यांना पूर्वी यांपैकी कोणताही आजार होऊन गेला आहे, त्यांनी लस टाळण्याचा निर्णय स्वतःच घेऊ नये. जुने कागद डॉक्टरांना दाखवावेत आणि वेगळ्या प्रकारची लस घेता येईल का, हे विचारून घ्यावे.