ट्रॅक्टरच्या चाकाचे बोल्ट सारखे ढिले होतायत? नुसते आवळू नका, आधी हे बघा

ट्रॅक्टरचं चाक निघालं की सगळे म्हणतात बोल्ट तुटले. तुटले हे खरंय, पण बहुतेक वेळा ते आठ-पंधरा दिवस आधीपासून ढिले असतात, ड्रायव्हर रोज सकाळी पाना लावून दोन झटके मारतो, घट्ट झाले म्हणतो आणि निघतो. आपल्याकडे कारखाने सुरू झाले की दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर, जुन्नर कुठेही जा, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावून उसाचे ट्रॅक्टर चाललेले असतात, तेही रात्री. त्यात चाक सुटलं तर ट्रॅक्टरवाल्याचं जे व्हायचं ते होतंच, पण शेजारून जाणाऱ्या बाईकवाल्याचा काय दोष? म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. डिस्क म्हणजे चाकाच्या मधला भोकांचा पत्रा, आणि हब म्हणजे एक्सलच्या टोकाचा भाग ज्यावर ती बसते. बोल्टचं काम डिस्क हबवर दाबून धरायचं, आणि त्या दाबाने दोघांमध्ये जी पकड तयार होते तिच्यावर चाक ओढलं जातं. दाब कमी झाला की डिस्क हबवर केसभर सरकायला लागते, ओढ लागली की एकीकडे, ब्रेक मारला की दुसरीकडे, आणि बोल्टचा दांडा प्रत्येक वेळी थोडा वाकतो. बाइंडिंगची तार इकडून तिकडे वाकवली की तुटते ना, तसाच बोल्ट आतून तुटत जातो. आणि एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर, मग बाकीचे भराभर जातात. त्यामुळे ढिल्या बोल्टवर आठवडाभर गाडी चालली असेल तर तेच बोल्ट परत आवळून काही उपयोग नाही, चीर आत पडलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही.

ओळखायचं कसं? सकाळी डिझेल बघता तेव्हाच चाकाकडे नजर टाका. नटाच्या खालून तांबूस गंजाचा ओघळ बाहेर पसरलेला दिसला तर तो नट हलतोय, कारण दोन लोखंडं घासून निघालेली ती पूड असते. नटाच्या भोवती रंग उडून चकचकीत कडं दिसत असेल तर तेच. चढाला ओढ लागताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच टक् असा आवाज येतो तोही याचाच असू शकतो. पुढचं चाक डगमगत असेल तर मात्र घाई करू नका, ते बेअरिंगही असू शकतं. जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला हबकडे बघायला सांगा. हबसकट हलतंय तर बेअरिंग, हब जागेवर आणि डिस्क हलतेय तर बोल्ट.

मागच्या चाकाला दोन ठिकाणी बोल्ट असतात हे बरेच जण विसरतात. डिस्क हबला धरणारे आतले, आणि रिम, म्हणजे टायर बसतो ते कडं, डिस्कला धरणारे बाहेरचे. आतले आवळतात, बाहेरच्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. दोन्ही बघा.

आता ढिले होतात का? सगळ्यात मोठं कारण म्हणजे चाक काढून बसवल्यावर परत आवळलंच नाही. कांद्यासाठी, उसाच्या सरीसाठी लोक चाकाची रुंदी बदलतात, मावळ-मुळशीकडे भाताच्या चिखलणीला केजव्हील, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचं पिंजऱ्यासारखं चाक, लावतात आणि काढतात, पंक्चर तर चालूच असतं. प्रत्येक वेळी डिस्क आणि हबच्या मध्ये थोडी माती, गंजाचा पापुद्रा, नाहीतर नवीन रंगाचा जाड थर राहतो. गाडी चालली की हा थर दाबला जातो, भुगा होऊन निघून जातो आणि तेवढी जागा मोकळी होते. नट फिरलेलाच नसतो तरी दाब गेलेला असतो. दुसरं कारण चुकीचा नट, म्हणजे डिस्कला भोकाजवळ निमुळती खोबण आहे आणि लावलाय सपाट नट. तो फक्त कडेवर टेकतो, कितीही आवळा. तिसरं, एकावर एक दोन-तीन वॉशर घालायची सवय. जेवढे जास्त थर तेवढं जास्त बसणार, म्हणजे तेवढं लवकर ढिलं.

काम करताना गाडी सपाट कडक जागेवर घ्या, ट्रॉली काढून टाका. मागचं एक चाक उचलणार असाल तर गाडी गिअरमध्ये आहे एवढ्यावर अजिबात विसंबू नका, डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच) उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडीला सरकू देतं. हँडब्रेक लावाच आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, तो डुलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाची पाचर ठोका, नाहीतर मागून उचललं की गाडी कलते. काळ्या मातीत जॅकखाली जाड फळी हवीच. आणि उचलल्यावर एक्सलखाली ओंडका किंवा स्टँड, नुसत्या जॅकवर कुणीही खाली वाकायचं नाही. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर मागचं चाक तीनशे किलोच्या आसपास जातं, ते एकट्याने सावरत नाही.

चाक काढल्यावर डिस्कची भोकं बघा. गोल भोक लांबट झालं असेल तर ती डिस्क गेली. भोकापासून केसासारखी रेघ निघालीये का तेही बघा, पुसून, उजेडात. बोल्टच्या दांड्यावर बोट फिरवा, नखाला अडकेल असा खळगा लागला तर बोल्ट फेका, आणि एक फेकायचा असेल तर त्या चाकाचे सगळे बदला. नवीन घेताना डोक्यावरचा नंबर वाचा. 8.8 म्हणजे साधारण 800 मेगापास्कल ताणाला तुटणारा, आणि त्याच्या 80 टक्क्यांना कायमचा लांबणारा. 10.9 त्याहून कडक. कंपनीने जो दिलाय तोच ग्रेड आणि तेच आटे हवेत, डोक्यावर काहीच नसलेला स्वस्त बोल्ट चाकाला लावू नका. गावात मिळाला नाही तर पुण्यात नाना पेठेत स्पेअर्सच्या दुकानात किंवा बोहरी आळीत जुना नमुना घेऊन जा.

डिस्क आणि हब दोन्ही तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, इथे रंग मारायचा नाही. आट्यांना ग्रीस चोपडू नका, मॅन्युअलमधला आकडा बहुतेक कोरड्या आट्यांचा असतो, ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. सगळे नट हाताने बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, गोल फिरत नाही. चाक जमिनीला टेकवून शेवटचा ताण द्या.

ताण किती? मॉडेलप्रमाणे मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तेवढाच. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, नसेल तर साध्या पान्याला पाईप घाला, नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण करा आणि तिथे लटकवायचा वजनकाटा अडकवून काटकोनात ओढा. काटा 30 किलो दाखवेल तेव्हा 30 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण 294 न्यूटन मीटर झाले. आता विचार करा, 70 किलोचा माणूस त्याच पाईपवर उभा राहिला तर किती होतात? 686. बोल्ट तिथेच लांबतो आणि पुढच्या आठवड्यात ढिला होतो, मग आपण म्हणतो एवढा घट्ट केला तरी कसा सुटला.

मग सगळ्यात महत्त्वाचं. तासभर काम झालं की परत ताण बघा, दहा तासांनी परत, त्यानंतर दर 50 तासांनी, आवर मीटर बघून. ट्रॉलीच्या चाकांनाही हेच. आवळून झालं की प्रत्येक नटावरून डिस्कवर जाईल अशी पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ मारा, नट फिरला की रेघ तुटलेली लांबूनही दिसते.

नट सुटू नये म्हणून वेल्डिंगचा टाका मारतात ते कृपया करू नका. उष्णतेने बोल्टचा कडकपणा जातो आणि परत आवळायची सोयच राहत नाही. चिरलेल्या रिमला टायर चढवलेला असताना वेल्डिंग तर अजिबात नाही, हवा काढलेली असली तरी नाही, आतलं रबर तापून गॅस होतो आणि टायर फुटून माणसं मेलीयेत.

स्टड, म्हणजे हबमध्येच बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, आत तुटला असेल तर बाहेर आलेल्या टोकावर नट वेल्ड करून, गार होऊ देऊन, हळूहळू फिरवत काढतात. आतच राहिला असेल तर लेथवाल्याकडे द्या, हँड ड्रिलने भोक वाकडं गेलं तर हबच बदलावा लागतो.

आणि रस्त्यात टक् टक् सुरू झालं तर, दिवे घाटात असा नाहीतर खेड घाटात, पुढचं गाव येईपर्यंत रेटू नका. कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, मागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टर ठेवा, अंधारात माणूस टॉर्च घेऊन उभा करा. एखादाच बोल्ट गेला असेल आणि बाकीचे नीट ताण घेत असतील तर ट्रॉली तिथेच सोडून रिकामा ट्रॅक्टर पायी चालायच्या वेगाने जवळच्या मेस्त्रीपर्यंत न्या. दोन किंवा जास्त गेले असतील किंवा भोकं लांबट झाली असतील तर गाडी जागची हलवायची नाही, मेस्त्रीलाच तिथे बोलवा. टूलबॉक्समध्ये त्याच मापाचे चार बोल्ट-नट, बॉक्स पाना, मीटरभर पाईप आणि तारेचा ब्रश ठेवलेला असेल तर त्याला फक्त जॅक घेऊन यावं लागेल.